तनुजाचा बायोडाटा काढून टाका

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप सखारामदाजी यांस, मेहुणा कारभारी याचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि करमाडचा कापूस कसा आहे ते कळवा. अक्का माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. तिला सांगा, आमच्या तनुजाचं लग्न ठरलेलं नाही.

आता मुळापासून. खाजगी माहितीच्या बाबतीत मी किती कडक, हे तुम्ही जाणताच. मागं बनियन घेताना दुकानदारानं मोबाईल नंबर मागितला, तर 'बनियनला फोन लावणार का?' असं विचारून मी हात हलवत बाहेर पडलो. (अजून जुनंच घालतो आहे.) आणि त्याच आठवड्यात याच हातानं तनुजाचा बायोडाटा समाजाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या वधू-वर ग्रुपांवर टाकला. फोटो, जन्मवेळ, उंची, पगार, तिचा नंबर, इतकंच काय, कंपनीची बस तिला कुठं सोडते तेही. (पाहुण्यांना घर सापडावं, हा शुद्ध हेतू.)

परवा एका अनोळखी माणसानं तिला फोन करून विचारलं, उंची पाच-तीन लिहिली आहे ती चपलेसकट का? आदल्या दिवशी म्हणे त्यानं तिला बसमधून उतरताना पाहिलं, पण अंदाज येईना. पोरगी घरी आली, जेवली नाही. "बाबा, मला एकदा तरी विचारलं का?" एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, दाजी. आता ती एक थांबा पुढं उतरते आणि मागं चालत येते.

म्हणून मी सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, 'तनुजाचा बायोडाटा कृपया काढून टाकावा.' झालं! आपल्यात बायोडाटा काढतात कधी? लग्न जमल्यावर. तासाभरात अभिनंदनं सुरू. खुलताबादच्या मावशींना मुलाचं नाव सांगितलं नाही (असलं तर सांगू ना!) म्हणून त्या रुसल्या. 'जमलेलं नाही' असं कळवलं, तर लोकांनी 'मोडलं' असं धरलं आणि सांत्वनाला लागले. काही भल्या माणसांनी तर पोरीचा धीर खचू नये म्हणून तोच बायोडाटा फोटोसकट आणखी नव्या ग्रुपांवर टाकला. शेजारचे नवाबभाई पेढे मागायला आले होते, ते सगळं ऐकून म्हणाले, "कारभारीभाऊ, लडकी का मामला हाय. आता तुमी लई काय करू नका." तेव्हापासून मी काही करत नाही.

अक्काची समजूत घाला. लहानांना आशीर्वाद.

आपला,
कारभारी

ता. क. अक्काचा राग उतरला की तिकडं एखादं बरं स्थळ बघा. तनुजाचा बायोडाटा सोबत जोडला आहे. (कागदावर आहे. कुणाला फोटो काढू देऊ नका. तिला यातलं बोलू नका.)

आणखी ता. क. आतोबा, बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं. मी ते न विचारता उघडलं, सगळं वाचलं आणि बायोडाटा काढून घेतला. हे बाबांना जरूर सांगा, आणि त्यांना कसं वाटलं ते मला कळवा. बनियनचं मात्र खरं आहे, पार विरलं आहे, म्हणून आज नवं आणलं. दुकानात नंबर मागितला. बाबांचा दिला. त्यांना विचारलं नाही.
तनुजा