न तुटणाऱ्या पट्ट्या

तीर्थरूप ताई,

तुला वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या अर्ध्यावरच थांबतो, पण कागदावर पूर्ण समजावा.) तुझा गुडघा कसा आहे, भाऊजींचा खोकला गेला का, आणि डॉक्टरांनी बंद केलेला जिना ते अजून दिवसातून चारदा चढतात का, हे सविस्तर कळव. इकडे तुझी भावजय बरी आहे, घर बरं आहे, मी बरा नाही. मला काय झालंय ते डॉक्टरला सांगण्यासारखं नाही, तुला सांगतो. मी जळतो आहे. आणि परक्या कुणावर नाही, तुझ्या सुनेवर.

तुझं मागचं पत्र चार पानांचं होतं. त्यातली साडेतीन पानं सूनबाईवर होती. सूनबाई किती शिकली, सूनबाईचं नाव कुठे छापून आलं, सूनबाई सुट्टीला तुझ्याकडे आली की तुझ्या औषधाच्या डब्या कशा ओळीने लावून ठेवते. उरलेल्या अर्ध्या पानात माझ्याबद्दल 'तू स्वेटर घालतोस ना' एवढं एकच वाक्य होतं, आणि बाकी भाऊजींचा खोकला. ताई, शाळेत मला चित्रकलेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं तेव्हा तू गल्लीतली एकेक कडी वाजवून सांगितलं होतंस. मी ते विसरलेलो नाही. तू विसरलीस की काय अशी शंका येते, म्हणून आठवण करून दिली.

तिला आमच्या प्रयोगशाळेत मीच चिकटवली हे तुझ्या लक्षात असेलच. (चिकटवली म्हणजे जाहिरात कापून पाठवली. अर्ज, परीक्षा, मुलाखत वगैरे किरकोळ गोष्टी तिच्या तिने केल्या.) आमचं काम मी तुला अनेकदा समजावलं आहे, तरी तू शेजारणींना 'प्लास्टिकच्या कारखान्यात असतो' असंच सांगतेस, म्हणून पुन्हा लिहितो. आम्ही प्लास्टिक बनवत नाही. ते कधी मोडतं याची वाट बघतो. पिशव्यांचं, डब्यांचं जे पॉलिथिन असतं त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, गच्चीवर लोखंडी रॅकला चिमट्यांनी लावायच्या आणि ऊन-वाऱ्यात सोडून द्यायच्या. दर महिन्याला एक पट्टी काढून आणायची आणि खाली यंत्रात दोन्ही टोकांनी धरून ओढायची. नवी पट्टी स्वतःच्या पाचसहा पट लांब होते तरी तुटत नाही. उन्हाने खाल्लेली पट्टी जरा ओढली की कट् करून तुटते. ती तुटली की आम्हाला आनंद होतो, कारण मग लिहायला काहीतरी मिळतं. माझी पट्टी तुटत नाही. अठरा वर्षांत मी दर महिन्याच्या अहवालात 'विशेष बदल आढळला नाही' हे वाक्य दोनशे सोळा वेळा लिहिलं आहे. आता टंकलेखन करणाऱ्या बाई ते मला न विचारता टाईप करून ठेवतात.

आणि सूनबाई आल्यावर चार महिन्यांत तिच्या पट्ट्या तुटल्या. एक नाही, ओळीने. यंत्र हात लावल्यासारखं करायचं आणि कट्. पलीकडच्या खोलीतून मला तो आवाज ऐकू यायचा. साहेब मुद्दाम उठून बघायला यायचे. माझ्या यंत्राशी साहेब शेवटचे कधी आले होते ते सांगतो: त्यांची छत्री माझ्याकडे राहिली होती तेव्हा.

आता यात तिचं कर्तृत्व किती आणि रेणूंचं किती, हा प्रश्न मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारला. तर ती रागावली नाही, उलट समजावायला बसली. (मला. अठरा वर्षं झालेल्या माणसाला. आणि वाईट हे, की तिने छान समजावलं.) तुलाही सांगतो. पॉलिथिनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. माझ्याकडच्या पट्ट्यांत या साखळ्या सरळ असतात. घरात पाहुणे फार झाले की आपण गाद्या एकमेकींना चिकटवून घालायचो आणि मधे पाय ठेवायला जागा उरायची नाही, तशा त्या लागून पडतात. हवेतला ऑक्सिजन आत शिरायला बघतो, पण त्याला वाट सापडत नाही. सूनबाईकडच्या पट्ट्यांत साखळीला फांद्या असतात. फांद्या असल्या की साखळ्या एकमेकींना लागून पडत नाहीत, मधे फटी राहतात आणि त्या फटींतून ऑक्सिजन आरामात आत जातो. शिवाय जिथून फांदी फुटते तिथल्या कार्बनकडे हायड्रोजन एकच उरतो, आणि तो सैल बसलेला असतो. ऊन पहिल्यांदा त्यालाच उचलतं. तो गेला की तिथून साखळी तुटायला सुरुवात होते. पुस्तकात हे सगळं आहे, मीही वाचलं होतं. पण पुस्तकातलं खरं असलं तर माझ्या पट्ट्या न तुटण्यात कुणाचाच दोष नाही असं ठरतं, आणि मला कुणाचा तरी दोष हवा होता.

तो मी जागेला दिला. तुला माझी सगळी गाऱ्हाणी माहीत आहेत, त्यामुळे गच्ची डोळ्यांसमोर येईल. कठड्याजवळच्या रॅकवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. दुसरा रॅक पाण्याच्या टाकीला लागून, तिथे दुपारी तीनला सावली येते. अठरा वर्षं माझ्या पट्ट्या टाकीजवळ आहेत. का, तर रुजू झालो तेव्हा तो रॅक रिकामा होता. मी कठड्याजवळची जागा कधी मागितली नाही, कारण मागायची वेळ येऊ नये अशी माझी अपेक्षा होती. सूनबाईने दुसऱ्या दिवशी मागितली आणि तिला मिळाली. ताई, माझ्या जिवाला ते फार लागलं. मला अगदी मनापासून वाटू लागलं की ती जागा मिळाली असती तर माझ्याही पट्ट्या तुटल्या असत्या, माझंही नाव छापून आलं असतं आणि तुझी साडेतीन पानं माझ्यावर असती.

म्हणून आम्हा दोघांच्या नव्या पट्ट्यांची दुसरी तुकडी लावून दीड महिना झाल्यावर, एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून, मी गच्चीवर गेलो आणि पट्ट्यांची अदलाबदल केली. तिच्या चाळीस टाकीजवळ, माझ्या चाळीस कठड्याजवळ. हे लिहायला एक ओळ लागली, करायला सव्वा तास लागला. चिमटे गंजलेले होते. त्यातल्या एकाने माझा अंगठा असा धरला की सोडवताना मी जे काही बोललो ते पाण्याच्या टाकीनेच ऐकलं. मग तिची एकोणिसाव्या क्रमांकाची पट्टी वाऱ्याने उडाली. तिच्यामागे मी पूर्ण गच्चीभर धावलो. (कंबर तेव्हाच धरली.) शेवटी ती पाइपमागे सापडली, लावली, घाम पुसला आणि जिन्याकडे आलो, तर रखवालदाराने दाराला आतून कडी घातलेली. मी दार वाजवलं. कुणी आलं नाही. मग कठड्यावरून वाकून हाका मारल्या. खाली अंगणात जेवून परतलेली मंडळी जमली, आणि त्यांत साहेब. साहेबांनी वर बघून विचारलं, काय करताय तिथे. माझ्या तोंडून निघालं, कबुतरं बघतोय. साहेब म्हणाले, बरं झालं कुणीतरी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कबुतर निवारण समिती लागली. तिचा अध्यक्ष मी. सदस्यही मीच. तेव्हापासून दर सोमवारी गच्चीवर किती ठिकाणी घाण आढळली याचा तक्ता मला द्यावा लागतो, आणि माझ्या नोकरीतला हा पहिला अहवाल आहे ज्यात दर खेपेला बदल आढळतो.

पुढे काय झालं असेल ते तू ओळखलंच असशील. अडीच महिने गेले. सूनबाईच्या पट्ट्या सावलीत होत्या, टाकीच्या गारव्यात होत्या, तरी तुटल्या. दहाबारा दिवस उशिरा, पण वाळक्या पानासारख्या तुटल्या. माझ्या पट्ट्या गच्चीतल्या सगळ्यात चांगल्या जागेवर, दिवसभराच्या उन्हात. मी स्वतः यंत्रात पट्टी लावली आणि कान टवकारून बसलो. ती लांब झाली. आणखी लांब झाली. यंत्राचा दांडा वर जाऊन टेकला आणि माझी पट्टी मधे ताणलेली, शाबूत. ताई, त्या दिवशी मी डबा उघडला नाही. अठरा वर्षं मी ज्या जागेवर खापर फोडत होतो तिची काही चूक नव्हती. आता कुणाला बोलू?

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पट्ट्यांवर क्रमांक असतात, आणि सूनबाईला वाचता येतं. ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, पट्ट्यांच्या जागा बदलल्या का?" मी खोटं बोलायची तयारी महिनाभर केली होती, पण तिने इतक्या साधेपणाने विचारलं की मी "हो" म्हणून बसलो. मला वाटलं आता ती साहेबांकडे जाईल. ती साहेबांकडे गेलीच, पण धावत आणि आनंदाने. कारण काय, तर आधी सगळे तिला म्हणत होते की तुझ्या पट्ट्या जागेमुळे तुटल्या असतील. आता जागा उलट केली तरी तिच्याच तुटल्या आणि माझ्या तुटल्या नाहीत, म्हणजे कारण रेणूच्या घडणीतच आहे, हे कुणालाच नाकारता येणार नाही. ज्या प्रयोगाशिवाय तिचा लेख लंगडा होता तो प्रयोग मी तिला करून दिला. तिचं वाटोळं करायला गेलो होतो ताई, आणि माझ्या हातून तिचं सोनं झालं.

लेख आता छापायला जायचा आहे आणि त्यावर दुसरं नाव माझं घातलं आहे. अठरा वर्षांनी माझं नाव छापून येणार, तेही तिच्या नावाखाली. साहेबांनी एक फॉर्म दिला आहे, तो मी भरून सही केली तरच तो प्रयोग धरला जाईल. त्यात तीन रकाने आहेत: जागा कुणी बदलल्या, कधी बदलल्या, कशासाठी बदलल्या. पहिला रकाना मी लगेच भरला. तिसऱ्यापुढे तीन दिवस बसून आहे. पूर्वनियोजित होतं असं लिहावं तर ते खोटं, आणि खरं लिहावं तर त्या रकान्यात मावत नाही. सही नाही केली तर तिचा लेख पडतो. पडावा असं अजूनही वाटतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण रोज चहाच्या वेळी ती माझा कप भरून आणते आणि फॉर्मबद्दल एक अक्षर विचारत नाही. तिने विचारलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

भाऊजींना नमस्कार, आणि जिना सोडायला सांग. गुडघ्याला शेक घे. पत्राचं उत्तर दे, आणि त्यात निदान दीड पान माझ्यावर असू दे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – हे पत्र सूनबाईच्या दृष्टीस पडू देऊ नकोस. तुझ्याकडे आली की टपालाची पेटी तीच उघडते, म्हणून पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही.

ता. क. दुसरा – मुख्य विचारायचं राहिलं. दुसरा रकाना रिकामा आहे, कारण जागा कोणत्या दिवशी बदलल्या ते मला आठवत नाही. अठरा वर्षांत मी टिपून न ठेवलेली ही एकमेव तारीख. पण गच्चीवरून सुटल्यावर त्याच संध्याकाळी अंगठा बांधून मी तुला पत्र लिहिलं होतं, 'आज गच्चीवर एक मोठं काम केलं, आता बघू कुणाच्या पट्ट्या तुटतात' असं. ते पत्र तू ठेवलं असशील का? ठेवलं नसशील तरी मी समजू शकतो. असलं तर वरची तारीख फक्त कळव. तिसऱ्या रकान्याचं मी बघून घेतलं आहे. 'चांगल्या जागेमुळे पट्ट्या लवकर तुटतात असा माझा समज होता' असं लिहिलं. त्यात खोटं काही नाही.

ता. क. तिसरा – पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. तिसरा रकाना वाचला आणि म्हणाली, "मामा, लेखातलं पहिलं वाक्य मी हेच घेते." मग दुसऱ्या रकान्यात तिनेच तारीख घातली. मी विचारलं, ही कुठून मिळाली. म्हणाली, तुमच्या पत्रावर होती. सासूबाईंनी तुमची अठरा वर्षांची सगळी पत्रं तारखेवार लावून ठेवली आहेत. मी गेले की एकेक काढून वाचून दाखवतात, ते पत्र तर आलं त्याच आठवड्यात दाखवलं होतं. म्हणजे हिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, आणि तरी हिने माझं नाव घातलं. सही करून टाकली आहे. पण ताई, तू माझी पत्रं जपून ठेवतेस हे तिला माहीत होतं आणि मला आज कळलं, हे मात्र मला अजिबात आवडलेलं नाही.