आधी नक्कल, मग वाटणी

ती. सौ. ताईस धाकटीचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (आईच्या सामानाची वाटणी झाल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तो विषय मी काढणार नाही. तू बोलावंस, एवढंच हवंय.)

इथे प्रयोगशाळेत तमाशा चाललाय. साहेब आणि बाई, म्हणजे ज्यांच्या काचेच्या ताटल्या मी धुते ते नवरा-बायको, वेगळे झाले. आणि या दोघांनी जन्मभर अभ्यास कशाचा केला? तर एकत्र राहण्याचा! पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. नक्कल होता होताच दोन्ही प्रतींभोवती प्रथिनाची कडी पक्की बसते आणि त्यांना धरून ठेवते. प्रत्येक जोडीला दोन्हीकडून ओढणारे दोर नीट लागले, की मगच कडी तुटते आणि एकेक प्रत एकेका घरी जाते. कडी आधीच सुटली तर नव्या पेशींत एकीला दोन, दुसरीला भोपळा. हे बिनडोक यीस्टला जमतं. या दोन डॉक्टरेटवाल्यांना नाही.

यांनी फरशीवर चिकटपट्टी मारून खोली वाटली. सूक्ष्मदर्शक साहेबांनी घेतला. त्याची भिंगं बाईंच्या अनुदानातली, म्हणून त्यांनी ती काढून पर्समध्ये टाकली. आता साहेब रोज रिकाम्या नळीत डोकावून ‘हं’ म्हणतात (काय दिसतं देव जाणे!) आणि बाई पलीकडे भिंगं पुसत बसतात. माझं स्टूल नेमकं पट्टीवर आलं, तर दोघांनी विचारलं, तुम्ही कोणाकडच्या? म्हटलं, मी बेसिनकडची. या सगळ्यात कड्यांच्या प्रयोगातल्या पेशी, ज्यांच्यासाठी वर्षभर जीव काढला, कोणी न बघताच वाळून गेल्या. मी ताटल्या धुऊन टाकल्या. इतकं शिकून माणसं अशी कशी वागतात गं? मला तर लाज वाटते त्यांची.

लोभ पूर्वी होता तेवढा तरी असू दे.

तुझी,
धाकटी

ता. क. आईच्या शिलाई मशीनचं डोकं तू नेलंस आणि पॅडलचा स्टँड मी. स्टँडवर सध्या कुंडी आहे. तू डोक्याचं काय करतेस?

आणखी एक. परवा उशीची खोळ हातानं शिवताना रडू आलं. रविवारी टेम्पोत स्टँड घालून आणते. मशीन तुझ्याकडेच राहू दे. दार मात्र उघड.