भूचुंबकत्व आणि मामांची खाट

सोनपेठ, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आज. त्या वास्तुवाल्याची, आणि त्याच्या तोंडून ऐकलेल्या त्या शब्दाचीसुद्धा. भूचुंबकत्व! आठवीच्या वर्गाला मीच शिकवते हा शब्द. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण का राहते, ते सांगायला. आणि हा पान चघळत सांगतो, "डोकं उत्तरेकडं हाय. भूचुंबकत्व रक्त ओढायलंय, म्हणून पाय उचलंना."

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारल्यापासून खिडकीतला रस्ता तेवढा उरला होता. यांनी लगेच खाट फिरवली. आता समोर नुसती भिंत.

मी म्हटलं, "अहो, हलकी सुई तेवढी फिरते त्यानं. रक्त कुठलं ओढतंय?"

"तू गप बस. मोठा माणूस हाय तो."

मोठा! शी. भूचुंबकत्व म्हणे. पदवीधर नवरा माझा, त्याचीच जास्त घाण वाटली.

चहा घेऊन गेले, तर मामा भिंतीकडं बघत रडत होते. "सूनबाई, मला फिरव गं."

हे दारातच उभे. "बापाला काही कमीजास्त झालं तर?"

"माझ्यावर ढकला," मी म्हणाले, आणि एकटीनंच खाट ओढली.