भाऊबीजेचं आमंत्रण

बिबवेवाडी, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

चि. नागोरावास,
अ. उ. आ.

मी खुशाल आहे. गुडघे नाहीत, पण त्यांना कोण विचारतंय. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही, म्हणून नेहमीसारखी मी बोलतेय आणि माझी नात उत्कर्षा लिहितेय.

भाऊबीज तेवीस तारखेला, गुरुवारी. रात्रीचं जेवण मी ठरवलंय: भरली वांगी, अळूवड्या, मसालेभात आणि बासुंदी. सूनबाई म्हणते, बासुंदीत दुधाची पावडर घालू. तिला म्हटलं, ती तुझ्या भावाला वाढ. माझ्या भावासाठी चार लिटर कात्रजचं दूध मी स्वतः उभं राहून आटवणार. गेल्या वर्षी सात वाट्या रिचवून तू 'साखर कमी आहे' म्हणालास, ते अख्ख्या सोसायटीला ऐकू गेलं. उत्कर्षाचं लग्न ठरतंय, मुलाकडचेही त्याच दिवशी जेवायला आहेत. मला भाऊ आहे हे त्यांनाही दिसू दे.

तरी यंदा आपण येऊ नये. घरात गडबड असल्याने आपली गैरसोय होईल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आक्का

वाई
११ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अळूवड्यांपर्यंत वाचलं तेव्हा मी माळ्यावरची पिशवी खाली काढली होती. मग शेवट वाचला. चष्मा पुसून परत वाचला. सत्तर वर्षांत तू मला शिव्या घातल्यास, पण 'आपण' कधी म्हणाली नव्हतीस.

मी मोठ्यानं बोलतो, हे लोकांच्या तोंडावरून कळतं. मला माझाच आवाज येत नाही, तो किती लांब जातो ते कसं समजणार? नव्या सोयऱ्यांपुढे तुला ओशाळं वाटायला नको. मी येत नाही. तुझी साडी घेऊन ठेवली आहे, कुणाबरोबर तरी पाठवीन.

रागावली नसशील एवढंच कळव.
तुझा
नागू

बिबवेवाडी, पुणे
२६ ऑक्टोबर २०२५

चि. नागूस,
अ. उ. आ.

हेही पत्र उत्कर्षाच लिहितेय. मुद्दाम बसवलंय. शेजारची शेफाली प्रत्येक ओळ मला वाचून दाखवतेय. या घरात आता असं करावं लागतं.

तू येऊ नये, असं मी बोललेच नव्हते. ते उत्कर्षानं खाली घातलं. तुझं पत्र आलं तेव्हा तू चारच्या गाडीनं येतोस म्हणून तिनं वाचून दाखवलं. मी सकाळपासून कढईपाशी. सहा वाजता पाट मांडला, निरांजन तयार ठेवलं. सात वाजता ती म्हणाली, मामाआजोबांना ताप आहे, निरोप आलाय. पाहुणे जेवले. बासुंदी फार वाखाणली. माझा जीव तुझ्या तापात, मी नुसती मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी तुझी चौकशी करायला कार्ड टाकावं म्हणून शेफालीला तुझ्या पत्रावरचा पत्ता उतरवून घ्यायला सांगितलं. पोरीनं मजकूरही वाचला. मी तिला दोनदा वाचायला लावला.

उत्कर्षा रडली. त्या लोकांसमोर मामाआजोबा ओरडून बोलले असते तर लाज वाटली असती, म्हणाली. मी तिला एवढंच विचारलं, "तुला त्याची लाज वाटते, तर ते तुझ्या तोंडानं सांगायचंस. माझ्या तोंडानं का सांगितलंस?" हे लिहिताना तिचा हात थांबला होता. लिही म्हटलं.

बद्रीनाथ म्हणतो, आई, सणासुदीचं सोडून दे. त्याला म्हटलं, तुझ्या नावानं ऑफिसात कुणी राजीनामा दिला तर सोडशील का? तेव्हापासून लेक माझ्यापुढे तोंडावर पेपर धरून बसतो. मला अक्षर कळत नाही, पण माणसं कळतात, अशी माझी ऐट होती. तीही गेली.

बुधवारी मी वाईला येतेय. तुला तुझ्याच ओट्यावर ओवाळीन. दूध आणून ठेव, आटवायला मी आहे.

उत्कर्षा आत्ता विचारतेय, खाली माफीच्या दोन ओळी लिहू का? नको म्हटलं. तिचं लिहिलेलं पुष्कळ झालं. बुधवारी माझ्याबरोबर चल आणि त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांग. म्हणाली, आजी, सगळी आळी ऐकेल. म्हटलं, ऐकू दे.

माझ्यावरचा जीव काढून घेतला असशील, तर बुधवारपर्यंत परत ठेव.
तुझीच
आक्का