वालाची बेंबी

माय, आज पावशेर वालपापडी सोलायला बसले आहे. एकटीला तेवढीही जास्त होते, पण त्याहून कमी मागायला संकोच वाटतो. एका दाण्याच्या कडेवरची ती पांढरी रेघ दिसली आणि हात थांबला.

लिंबायतच्या वस्तीतली आपली तेव्हाची खोली. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, तू सूप पुढ्यात घेऊन पापडी सोलते आहेस, आणि मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्येच जीवशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले आहे. बीवरच्या खुणेचा इंग्रजी शब्द घोकते आहे, हायलम, हायलम. तू मान वर न करता म्हणतेस, "हाय लूम? तठे तर तुना बाप जास." मी चिडून दाणा तुझ्या नाकापुढे धरते. "लूम नाही गं! ही खूण, हिला हायलम म्हणतात." तू तो दाणा बोटांत फिरवतेस. "हाई? हाई त्यानी बेंबी शे. आठेच ते मायले बांधेल व्हतं." "बियांना कधी बेंबी असते का? तुला काही कळत नाही," मी म्हणाले होते. तू नुसती हसलीस आणि पुढची शेंग उचललीस.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी नेमकं मलाच उभं केलं. घोकलेली व्याख्या पार विसरले आणि तुझंच वाक्य, ही बीची बेंबी, इथेच ती आईला बांधलेली होती, असं इंग्रजीत तोंडातून निघालं. मुली फिदीफिदी हसल्या. मी घाईघाईने सांगून टाकलं, माझी आई शिकलेली नाही, ती असं काहीतरी म्हणते. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे पुस्तकापेक्षा चांगलं आहे. घरी गेलीस की आईला सांग, मी म्हटलंय म्हणून. संध्याकाळी तू विचारलंस, "काय वं, बाई काय म्हने आज?" मी बूट काढत म्हटलं, "काही नाही."

परवा माझी सोनोग्राफी झाली. घाबरू नकोस, किडनीत बारीकसा खडा आहे. तरुण डॉक्टरने पडदा माझ्याकडे वळवला आणि गुजरातीत म्हणाला, "जुओ मासी, आ हायलम. बधी नळीओ अहींथी अंदर जाय." किडनीही दाण्यासारखीच दिसत होती, आणि सगळ्या नळ्या आत शिरतात तिथेच ती खाच. माझ्या तोंडून निघून गेलं, "बेंबी." "शुं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." तिथे मराठी कळणारं कोणी नव्हतं. बाहेरच्या बाकावर माझी वाट बघणारंही कोणी नव्हतं.

सिस्टरांनी तुला शाबासकी दिली होती, माय. आधी लाजेपोटी सांगितली नाही, आणि पुढे तू जाईपर्यंतच्या इतक्या वर्षांत ती मला माझीच वाटू लागली. आता लिहून काढली आहे, पण खरं सांगायचं तर तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहू शकले.