वरच्या वाटेबद्दल भाऊजींना

भाऊजी,

नमस्कार. एरवी वाकून केला असता, पण आज कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घ्या. (खरं तर आडवा पडून लिहितो आहे.) तुमची प्रकृती ठीक असणार. नसती तर अकरा महिन्यांत मला दोष देणारं एखादं तरी पत्र आलं असतं. गुडघा कसा आहे? रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना? ताई गेल्यापासून हे तुम्हाला कोण विचारतं ते ठाऊक नाही, म्हणून विचारलं. राग आहेच. तो पुढे येईल.

काल मी आपली गेल्या वर्षीची वाट पुन्हा चाललो. एकटा. पहिल्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो, समुद्र डाव्या हाताला ठेवला आणि निघालो. एकोणीस वर्षं, दरवर्षी नव्या वाटेवर, आपली वाटणी ठरलेली होती : नकाशा तुमच्याकडे, डबा माझ्याकडे. त्यामुळे सामान भरताना हात आपोआप तीन पाण्याच्या बाटल्या, सहा उकडलेली अंडी आणि एक अख्खा पाव याकडेच गेले. नकाशा घ्यायचा असतो हे मला दुसऱ्या टेकडीवर आठवलं. (माझ्याकडे नकाशा नाहीच. पण आठवलं तिथे.) वारा इतका होता की टोपी उडाली आणि समुद्राच्या दिशेने माझ्यापेक्षा ठाम पावलांनी गेली.

अकराच्या सुमारास तो फाटा आला. गेल्या वर्षी इथेच तुम्ही म्हणालात दीपगृहाला वरची वाट, मी म्हणालो खालची, आणि आपण दोघंही वयाला न शोभेल अशा तोऱ्यात आपापल्या वाटेने गेलो. तुम्ही नकाशा घेऊन उपाशी, मी डबा घेऊन बेपत्ता. संध्याकाळी फोनवर तुम्ही ओरडलात, ‘दीपगृहाच्या पायरीवर दोन तास बसलो होतो, कुठे कडमडला होतास?’ मी म्हणालो, मीही तिथेच बसलो होतो, तुम्हीच आला नाहीत. एकाच दीपगृहाशी बसलेल्या दोघांची गाठ कशी पडली नाही, हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नाही. ताई असती तर तिने विचारलं असतं. मग दोघांनाही ताटावर बसवून विषय संपवला असता. तिच्यामागे आपलं ते पहिलंच चालणं होतं.

काल मी वरची वाट घेतली. ती चुकीची आहे हे सिद्ध करायला. चढ सरळ अंगावर येतो. एका वळणावर शेळ्या राखणाऱ्या बाई दगडावर बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘एकटेच?’

‘हो.’

‘मग इतका वेळ बोलत कोणाशी होता?’

‘भाऊजींशी.’

‘मागे राहिलेत होय?’

‘अकरा महिने झाले.’

त्यांनी शेळ्या जरा जवळ घेतल्या. मग विचारलं, जाणार कुठे. दीपगृहाला म्हणालो, तशा त्या हसल्या. ‘या वाटेने? अहो, पुढे दरड कोसळून सात वर्षं झाली. पाखरू जाईल, माणूस नाही.’

तरी गेलो. खरंच आहे. वाट तुटली आहे, खाली सरळ समुद्र, आणि दरडीवर माझ्या खांद्याइतकी झाडं. तेव्हा भाऊजी, कसली पायरी आणि कसले दोन तास? मी तिथेच बसून मोठ्याने हसलो. पण एकट्याला फार वेळ हसता येत नाही. मग अंडी सोलली. तीन खाल्ली. उरलेली तीन सोलून झाल्यावर लक्षात आलं, ती कोणाची ते. तीही खाल्ली. मग त्याच वाटेने परत. एकूण तेवीस किलोमीटर, टाचेला दोन फोड.

तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा

ता. क. खालची वाट तासाभरात एका खडीच्या खाणीत संपते. गेल्या वर्षी मी भाजीच्या ट्रकमध्ये बसून घरी आलो. म्हणजे दीपगृहाशी आपल्यापैकी कुणीच नव्हतं. कुणी कुणाची वाट पाहिली नाही, आणि कुणी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. अकरा महिने आपण नेमके कशावर रागावलो होतो, ते तुम्हाला कळलं तर मला सांगा.

ता. क. दुसरा. निघताना त्या बाई म्हणाल्या, दीपगृहाला बस जाते. दिवसातून दोनदा, थेट दारात. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने जावं म्हणतो. ताई नसताना आपण एकमेकांचे कोण, हे मला नीटसं माहीत नाही. पण दोन जागा धरून ठेवतो. येणार असाल तर पत्र लिहू नका, या. येणार नसाल तर मात्र लिहा. निदान पत्र तरी येईल.