सहा गोळ्यांची चकती

बाबा, तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि शनवाऱ्यातलं आपलं बंदूक दुरुस्तीचं दुकान मी चालवते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. लेथला पोरीचा हात नको म्हणणारे तुम्हीच. पण तुमची एक युक्ती मी लहानपणीच शिकले, तीही मार खाऊन. गिऱ्हाईक रागात दिसलं की तुम्ही त्याची बंदूक अडकवून ठेवायचात. "स्प्रिंग यायची आहे हो, चार दिवसांनी या." एकदा मी आगाऊपणे बोलले, "बाबा, स्प्रिंग डब्यात आहे की!" तो माणूस बंदूक घेऊन गेला आणि माझ्या पाठीत धपाटा बसला. "डोकं निवायला वेळ लागतो बये, स्प्रिंगला नाही." त्यानं पुढे काही केलं नाही, पण आठवडाभर तुम्ही पेपर उघडायला घाबरत होतात.

गेल्या सोमवारी जसोंडीचा एक केळीवाला आला. लायसन्सचं रिव्हॉल्वर, कागद चोख, आणि रुमालात पोलादी पत्र्याच्या चार गोल चकत्या. "ताई, याला हे चांद बसतील असं करून द्या. एक-एक गोळी भरायला टाइम कोनाकडे आहे?" चकतीत सहा गोळ्या आधीच अडकवून ठेवायच्या; गोळ्यांची फिरती चरखी उघडली की सगळ्या एकदम आत. त्यासाठी चरखीची पाठ केसभर कातावी लागते. "पूर्‍या जिल्ह्यात तुमच्याशिवाय कोनाला जमनार नाही," म्हणाला, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. तरी विचारलं, एवढी घाई कशाला? "डुकरं येतात ना बागेत. सहामध्ये भागत नाही." किती येतात? "सात," तो म्हणाला, आणि डोळ्याला डोळा दिला नाही.

तुमची युक्ती आठवली. म्हटलं, स्प्रिंग यायची आहे. त्यानं मोबाइल काढला. "कोनती? नाव सांगा, आत्ताच मंगवतो." मी रिव्हॉल्वर ठेवून घेतलं. काम केलं, आणि सुरेख केलं. आज दुपारी तो घ्यायला आला, तेव्हा रिकाम्या पुंगळ्या घालून त्यानं माझ्यासमोर चार वेळा भरून पाहिलं. बोटं क्षणभरसुद्धा थांबत नव्हती. मलाच त्याचं कौतुक वाटलं, याची लाज वाटते.

तो गेल्यावर समोरचा चहावाला रिकामे कप न्यायला आला. "याला हत्यार दिलं, ताई? विहिरीची केस हारला ना हा मागच्या महिन्यात, भावाशी." भावाच्या घरी कोण कोण असतं, मी विचारलं. "भाऊ, भावजय, म्हातारी माय अन् चार लेकरं."

पोलीस ठाण्याचा नंबर मला पाठ आहे. पण तिथे पहिला प्रश्न येईल, चरखी कातली कोणी? जसोंडी इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्याला निघून वीस मिनिटं झाली, बाबा, आणि तेवढा वेळ मी फोन न लावता तुम्हाला हे लिहीत बसले आहे.